दमडी कुठली, कुणाच्या हातातली?

दमडी म्हणजे नेमके किती, आणि छदाम तिच्याहून मोठा की लहान, यावर आमच्या खानदेशात हल्ली बरेच हिरिरीने बोलले जाते. मोबाइलवर फिरणारा एक तक्ता या बोलण्याच्या मुळाशी आहे. तीन फुटक्या कवड्यांची एक कवडी, दहा कवड्यांची दमडी, दोन दमड्यांचा धेला, दीड पैचाही धेलाच, तीन पैंचा पैसा, चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. एक बाजू म्हणते, हा तक्ता मुलांकडून पाठ करून घ्या. आपल्या पूर्वजांचा व्यवहार किती काटेकोर होता ते त्यांना कळू द्या. दुसरी बाजू म्हणते, नाणी गेली तशी ती नावेही गेली. पुस्तकात दमडी आलीच तर खाली 'एक जुने नाणे' एवढा अर्थ देऊन पुढे जा. मला दोन्ही बाजूंचे म्हणणे पटत नाही. दमडीला कधीकाळी एकच ठरलेली किंमत होती, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. एकाला ती जपायची आहे, दुसऱ्याला ती टाकून द्यायची आहे. दमडीची किंमत तक्त्याने ठरत नव्हती. ती गावागणिक, काळागणिक ठरायची आणि समोरचा माणूस ती घेणार की परत करणार, यावर ठरायची. हे न सांगता दमडीचा अर्थ सांगणे म्हणजे अर्धाच अर्थ सांगणे होय, आणि आजच्या बाजारात ज्याचे नाणे परत केले जाते त्या माणसाकडे पाठ फिरवणेही होय.

तक्ता सगळाच खोटा आहे असे मी म्हणत नाही. त्याचा वरचा भाग चोख आहे. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हे रुपयाचे भाग आपल्या आजोबा-पणजोबांनी रोज वापरले आणि ते सरकारी टांकसाळीतून निघत. गडबड खालच्या भागात आहे. पैशाचे एकीकडे तीन भाग केले आहेत आणि दुसरीकडे चार. तिनांनी भागले की पै निघते, चारांनी भागले की दमडी. म्हणून धेला दीड पैचा होतो आणि दमडी पाऊण पैची. पाऊण पै कुणी कुणाला मोजून दिली असेल? इथे दोन वेगळ्या हिशेबपद्धती एकमेकींना जोडल्या आहेत आणि जोड उघडा दिसतो. पै ही कंपनी सरकारच्या टांकसाळीची, आण्याचा बारावा भाग असलेली. दमडी, छदाम आणि धेला तिच्याही आधीचे, निम्मे-पाव करत खाली उतरणारे. कंपनीच्या आणि पुढे राणीच्या टांकसाळीने दमडी नावाचे नाणे पाडलेच नाही. तक्ता मात्र ती पैच्या शेजारी अशी बसवतो, जणू दोघी एकाच थैलीत खुळखुळत होत्या.

आता मागे जाऊ. आईन-इ-अकबरीत, म्हणजे अकबराच्या कारभाराची नोंद ठेवणाऱ्या ग्रंथात, तांब्याचा दाम आहे, रुपयाला चाळीस. त्याचा अर्धा तो अधेला, पाव तो पावला आणि आठवा भाग ती दमडी. म्हणजे अकबराच्या टांकसाळीत दमडी आठवा भाग होती. मोबाइलवरच्या तक्त्यात ती पैशाचा चौथा भाग आहे. पुढच्या काळात दाम हे नाणे उरले नाही, हिशेबातला तुकडा उरला, आणि उत्तरेकडच्या वह्यांमध्ये एका पैशाचे पंचवीस दाम धरू लागले. त्यातले सहा दाम म्हणजे छदाम, सुमारे पाव पैसा, आणि तीन दामांच्या आसपास दमडी, सुमारे अर्धपाव पैसा. या हिशेबाने दोन दमड्यांचा छदाम होतो. मोबाइलवरच्या तक्त्याप्रमाणे दोन दमड्यांचा धेला होतो आणि छदामाला जागाच राहत नाही. मग 'छदाम मोठा की दमडी' या प्रश्नावर जे हातघाईवर येतात, त्यांनी आधी कुठली वही उघडली आहे ते सांगायला हवे. एकच शब्द, 'दाम', एका शतकात रुपयाचा चाळिसावा भाग असलेले वीस ग्रॅमचे जड तांबे होता आणि नंतर रुपयाचा सोळाशेवा भाग, जो हातात धरताच येत नाही. अशा शब्दाला समीकरणाने बांधायचे तर कोणत्या शतकाचे समीकरण घ्यायचे?

कवडीचे तर याहून अवघड. तक्त्याप्रमाणे रुपयाच्या २५६० कवड्या होतात. अठराव्या शतकात आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटचा महसूल कवड्यांत जमा होई, तेव्हा तिथे रुपयाला ५१२० धरत, म्हणजे बरोबर दुप्पट. तक्ता चूक की सिल्हेट चूक? दोन्ही नाही. कवडी मालदीवहून समुद्रमार्गे येई आणि जितकी आत जाई तितकी महाग होई. तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात हे स्वतः पाहून लिहून ठेवले आहे: समुद्राजवळ पैशाला ऐंशीपर्यंत कवड्या मिळत आणि आग्र्याला पोचेपर्यंत पन्नास-पंचावन्न. वाहतुकीचा खर्च कवडीच्या अंगावर चढत गेला. हा माणूस सुरतेहून नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा या वाटेने बऱ्हाणपूरला गेला, म्हणजे आपल्याच अंगणातून. ज्या वाटेने बैलगाड्या चालत, त्याच वाटेने कवडीची किंमत मुक्कामागणिक सरकत होती. आणि त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, जी मला या सगळ्या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. शेजारच्या गुजरातेत सुटे म्हणून इराणातून आलेले कडू बदाम चालत, पैशाला पस्तीस-चाळीस. इतके कडू की कुणी खाऊन संपवण्याची भीती नाही. त्यांवर राजाचा शिक्का नव्हता, आत धातू नव्हता. तरी ते चालत, कारण आज घेतलेला बदाम उद्या दुसऱ्याला देता येई.

खानदेशापुरते बोलायचे तर इथे एक नाणे, एक भाव असे फार काळ कधी राहिलेच नाही. फारुकी सुलतानांचा मुलूख १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर अकबराच्या हाती गेला. पण महसुलाच्या नोंदीत खानदेशचा आकडा मोजला आहे तो वऱ्हाडी टंक्यांत, एक टंका चोवीस दामांचा धरून. दिल्लीचा हिशेब इथे जसाच्या तसा लागू पडत नव्हता, तो फिरवून घ्यावा लागे. पुढे मराठ्यांच्या काळात तांब्याची शिवराई आली; तीही एका टांकसाळीतून येत नव्हती. ठिकठिकाणी मक्ते दिलेले, वजनात फरक, अक्षरांत फरक. पेशवे, होळकर, शिंदे यांचे अंमल या मुलखात एकमेकांत गुंतलेले होते आणि चांदवडचा रुपया शेजारच्याच घाटमाथ्यावरून येत होता. अशा बाजारात नाणे पारखणारा माणूस लागतोच. पोतदार, पारख, सराफ ही आडनावे आज जळगाव-धुळ्याच्या पाट्यांवर दिसतात ती त्या कामाची आठवण आहे. बट्टा हा शब्दही तिथलाच. परक्या मुलखातले, झिजलेले किंवा हलके नाणे घेताना सराफ जी रक्कम कापून घेई तो बट्टा. आज आपण माणसाच्या नावाला बट्टा लागला म्हणतो. बट्टा लागत होता याचाच अर्थ असा की नाण्यावर लिहिलेली किंमत आणि हातात पडणारी किंमत वेगळी होती. हा फरक भरून कोण देत होते? तोलामोलाचा व्यापारी नव्हे. त्याच्याकडे पारख होती, ओळख होती, हुंडी होती. तो बट्टा भरायचा गावातून चार नाणी बांधून आलेला कुणबी, कोष्टी, भिल्ल.

तक्त्याच्या बाजूने सर्वांत वजनदार मुद्दा कोणता, तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकाचा. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा एक रुपया साऱ्या कंपनी मुलखात लागू झाला, तांब्याची नाणी ठरावीक प्रमाणात बांधली गेली आणि हळूहळू सराफाचा बट्टा उठला. १९५७ पर्यंत दोन-चार पिढ्या त्याच प्रमाणात जगल्या. शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत. दिडकी तर पाढ्यातही होती आणि हातातल्या नाण्यातही. त्या पिढीला तोंडी हिशेब जसा येत होता तसा आज आपल्याला येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तक्ता पाठ करा म्हणणाऱ्यांच्या मनात ती हळहळ आहे आणि ती रास्त आहे. पण तो तक्ता खरा का ठरला? कारण सरकारी तिजोरी ते नाणे त्याच भावाने परत घेत होती. घेणारा बांधील होता म्हणून किंमत टिकली. आणि तिथेही काटेकोरपणाची हद्द दिसलीच. १ एप्रिल १९५७ ला शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण पाव नवा पैसा कुठून द्यायचा? म्हणून सरकारी कोष्टकात एक आणा म्हणजे सहा, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस आणि चार म्हणजे पंचवीस नवे पैसे ठरले. चार आण्यांचा माल एकदम घेणाऱ्याने पंचवीस दिले. तोच माल आण्या-आण्याने चार वेळा घेतला तर चोवीस. आण्याची वस्तू विकणारा दर चार गिऱ्हाइकांमागे एक नवा पैसा गमावू लागला, किंवा तो भरून काढायला त्याने सात मागितले आणि मग गिऱ्हाईक गमावू लागले. कागदावर शून्य फरकाचे कोष्टक, पण बाजारात कुणाच्या तरी पदरचा पैसा गेलाच. तो मोठ्या रकमांच्या व्यवहारात गेला नाही, आण्याच्या व्यवहारात गेला.

दुसऱ्या बाजूचा, म्हणजे 'मेलेले शब्द सोडा' म्हणणाऱ्यांचा मुद्दाही हलका नाही. नववीतल्या मुलाने धेला कधी पाहिलेला नाही. त्याच्या डोक्यावर आणखी एक यादी कशाला? शिवाय भाषेत शब्द येतात-जातात, ते कृत्रिम श्वासावर जगवता येत नाहीत. खरे आहे. पण नाणे गेले की शब्द जातो, ही यातली समजूत तपासून पाहा. आण्याचे नाणे जाऊन साठ वर्षे उलटून गेली, तरी 'चाराना, आठाना' आमच्या बाजारात कालपरवापर्यंत ऐकू येत होते, आणि 'सोळा आणे खरे' म्हणायला आजही कुणाला शब्दकोश लागत नाही. सावकाराला मुद्दलाहून जास्त व्याज एका वेळी वसूल करता येणार नाही, हा जुना नियम दामदुप्पट याच नावाने मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनी उचलून धरला. कापसाच्या आणि दुष्काळाच्या वर्षांत ज्या खानदेशी शेतकऱ्याच्या गळ्याभोवती खत-पत्र आवळले गेले, त्याला त्या नियमाचे मोल कुणी समजावून द्यायला नको. दाम नावाचे नाणे तेव्हा कुणी पाहिले होते? तरी शब्द कायद्याचे काम करत होता. कवडीमोल भावाने कांदा गेला म्हणणारा शेतकरी मेलेला शब्द वापरत नाही. तो जे सांगतो ते दुसऱ्या कोणत्या शब्दात सांगता येईल?

आणि 'एक जुने लहान नाणे' हा अर्थ तर मला सर्वांत जास्त खटकतो, कारण त्यातला 'लहान' कुणासाठी लहान, हे तो सांगत नाही. आईन-इ-अकबरीतच मजुरीचे दर आहेत. अगदी खालच्या मजुराची दिवसाची मजुरी दोन दाम. दमडी दामाचा आठवा भाग धरली, तर त्या मजुराच्या दिवसाच्या मजुरीचा तो सोळावा भाग झाला. आज शेतावरची मजुरी तीनशे-चारशे रुपये धरा आणि तिचे सोळा भाग करा: अठरा ते पंचवीस रुपये येतात. दमडी त्या माणसासाठी आजच्या वीस-पंचवीस रुपयांसारखी होती. हा हिशेब ढोबळ आहे, बादशाही कारखान्याचे दर आणि तापीकाठच्या शेतावरचे दर एक नसणार, हे मला ठाऊक आहे. पण 'दमडीची किंमत नाही' हे वाक्य कुणाच्या तोंडचे आहे ते एवढ्यावरून दिसते. ते दमडी मोजणाऱ्याचे नाही, रुपये मोजणाऱ्याचे आहे. आणि 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असे ज्याला हिणवले, तो प्रत्येक वेळी कंजूष सावकारच होता का? दिवसाचा सोळावा भाग हातातून सोडताना ज्याचा जीव खालीवर होतो, त्यालाही आपण त्याच म्हणीत बसवले. म्हण शिकवताना हा प्रश्न वर्गात विचारला, तर मुले दमडी कधीच विसरणार नाहीत. तक्ता परीक्षेनंतर आठवडाभरात विसरतील.

हे सगळे जुन्या नाण्यांबद्दलच असते तर मी इतके लिहिले नसते. दहा रुपयांचे नाणे घेऊन आमच्या गावोगावच्या आठवडे बाजारात जा. कुणी घेतो, कुणी हातात उलटून पाहून परत करतो. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा एकदा जाहीर केले की वेगवेगळ्या १४ नक्ष्यांची दहाची सगळी नाणी चलनात वैध आहेत. २०११ चा नाण्यांचा कायदा सांगतो की एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. तरी 'आमच्याकडे चालत नाही' या तीन शब्दांपुढे कायदा अडतो. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून बंद झाली, ते मला गैर वाटत नाही. ज्या नाण्याने काही विकतच मिळत नाही ते पाडण्यात अर्थ नव्हता. पण वैध नाणे नाकारणे ही वेगळी गोष्ट आहे. घाऊक व्यापारी भाजीवालीकडून नाणी घेत नाही, म्हणून ती गिऱ्हाइकाकडून घेत नाही. गिऱ्हाइकाला ती कुणीतरी दिलेली असतातच. साखळीच्या टोकाला ज्याच्या हातात नाणी उरतात, त्याच्याकडे ती बदलून घ्यायला वेळ नसतो, बँकेच्या काउंटरवर हट्ट धरण्याची धमक नसते. जुन्या सराफाचा बट्टा निदान सांगून कापला जाई. हा बट्टा न सांगता, आणि तोही शेकड्याला शंभर.

सुट्याऐवजी हातावर ठेवले जाणारे चॉकलेटही याच जातीचे. कुणी म्हणेल, गुजरातेत बदाम चालत, मग चॉकलेट का नको? फरक साधा आहे. बदाम देणाराही उद्या तोच बदाम परत घेई. काल मिळालेली दहा चॉकलेटे आज त्याच दुकानात देऊन दहा रुपयांचा साबण मागून पाहा. जे एकाच दिशेने चालते ते चलन होऊ शकत नाही. ते गिऱ्हाइकाला न विचारता केलेली विक्री असते. कडू बदामाच्या व्यवहारात जो न्याय होता तो या व्यवहारात नाही.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो यूपीआयचा. नंदुरबारच्या मिरचीवाल्याकडे आणि सावद्याच्या चहाच्या टपरीवरही आता क्यूआरची पाटी आहे, मग सुट्यांचा प्रश्न उरलाच कुठे? खरेच, या सोयीने बरेच काही साधले आहे. सत्तेचाळीस रुपये सत्तेचाळीसच दिले जातात, कुणाचा रुपया बुडत नाही. ज्याच्याकडे चालू फोन आणि खाते आहे त्याच्यासाठी हा प्रश्न जवळजवळ मिटला आहे. पण धडगाव-मोलगीच्या हाटात डोंगरावरून उतरलेल्या बाईने चारोळी किंवा भगर विकली आणि हातात नाणी आली, तर तिला मीठ-तेल घ्यायचे आहे त्याच नाण्यांनी, त्याच दिवशी, अंधार पडण्याआधी. तिच्यापुरता तो हाट हीच टांकसाळ आणि तीच तिजोरी. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा गेल्या तेव्हा थोडे दिवस उलटे चित्र दिसले होते. मोठी नोट हातात असलेला माणूस सुट्यांसाठी वणवण करत होता, नोट मोडून देणारे कापून घेत होते आणि शंभर-पन्नासला एकाएकी मान आला होता. आपले पैसे असूनही चालत नाहीत म्हणजे काय, याची चव वरच्या थराला तेव्हा थोडी मिळाली. खालच्या थराला ती नेहमीचीच आहे.

म्हणून शाळेच्या पुस्तकात दमडी ठेवावी, छदाम ठेवावा, धेला आणि कवडीही ठेवावी, पण प्रत्येकाच्या अर्थात जागा आणि काळ लिहावा: अकबराच्या टांकसाळीत दामाचा आठवा भाग, पुढे हिशेबात कुठे पैशाचा आठवा, कुठे चौथा, खानदेशात हिशेबाचा टंका वेगळा, नाणी अनेक आणि बट्टा ठरलेला. त्याखाली मुलांना एक काम द्यावे, की आपल्या गावच्या बाजाराच्या दिवशी कोणते नाणे कोण घेतो, कोण नाकारतो आणि कोणते कारण सांगतो ते विचारून वहीत लिहा. आणि जे मोठे आज दमडीच्या अपूर्णांकावर भांडत आहेत, त्यांच्यातल्या दुकानदारांनी आपल्या गल्ल्याजवळ 'सर्व वैध नाणी स्वीकारली जातील' अशी पाटी लावावी. बाजाराच्या दिवशी बँकांनी नाणी मोजून बदलून देणारी एक खिडकी उघडी ठेवावी, निदान तालुक्याच्या गावी. आठवडे बाजाराच्या जागेची वसुली ग्रामपंचायत आणि नगरपालिका घेतातच. त्यांनी ती नाण्यांत आनंदाने घेतली, तर 'चालत नाही' म्हणणाऱ्याला पुढे बोलायला फारसे काही उरणार नाही.